विश्लेषण : मध्य वैतरणा धरणाची भिंत उभी कशी राहते? आणि तिच्यामागचे पाणी जाते कुणाकडे?

पावसाळा सुरू झाला की मुंबईकरांच्या मोबाइलवर रोज सकाळी सात तलावांच्या पातळीचे आकडे फिरू लागतात. त्या यादीतले सर्वांत नवे नाव म्हणजे मध्य वैतरणा. १०२.४ मीटर उंचीची ही काँक्रीटची भिंत मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी बांधली गेली. आता वैतरणेच्याच खोऱ्यात गारगाई या पुढच्या धरणाची तयारी सुरू आहे. नवी भिंत उभी राहण्याआधी जुनीचे गणित समजून घ्यायला हवे. भिंत किती उंच, तिच्यातून पाणी कोणत्या पातळीवर आणि कुठल्या दिशेने बाहेर काढायचे, हे निर्णय कागदावर अभियंत्यांचे असतात. पण उन्हाळ्यात कुणाच्या नळाला पाणी येणार आणि कुणाच्या दारात टँकर, हेही त्यांतूनच ठरते.

मध्य वैतरणा कुठे आहे आणि कशासाठी?

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर हे धरण आहे. लांबी ५६५ मीटर. बृहन्मुंबई महापालिकेने ते बांधले आणि २०१४मध्ये पूर्ण केले. जलाशयाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्यात आले आहे.

या नदीवर आधीच दोन धरणे होती. वरच्या बाजूला अप्पर वैतरणा आणि खाली १९५७मध्ये पूर्ण झालेले लोअर वैतरणा, म्हणजेच मोडक सागर. या दोन धरणांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात प्रचंड पाणी पडते. मोडक सागरची उपयुक्त क्षमता मात्र १,२८,९२५ दशलक्ष लिटर एवढीच आहे. तो भरून वाहू लागला की मधल्या पट्ट्यातले उरलेले पाणी अरबी समुद्राला मिळायचे. जुलैमध्ये तलाव ओसंडून वाहतो आणि पुढच्या मे महिन्यात शहरात कपात होते, हे चित्र त्यातूनच तयार होत होते.

मध्य वैतरणाचा हेतू हे वाहून जाणारे पाणी वाटेत अडवण्याचा. मुंबईच्या भावी पाणीपुरवठ्याचा विचार करणाऱ्या चितळे समितीने १९९४मध्ये मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी तीन धरणे सुचवली होती. त्यांपैकी आजवर उभे राहिले ते हे एकच.

रोज ४५५ दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला १,६६,०७५ दशलक्ष लिटर. जलाशयाची उपयुक्त क्षमता आहे १,९३,५३० दशलक्ष लिटर. हा वरचा फरक शिल्लक म्हणून मोजता येत नाही. उन्हाळ्यातले बाष्पीभवन, उशिरा येणारा मोसमी पाऊस आणि एखादे तुटीचे वर्ष यांची सोय त्यातूनच करावी लागते.

भिंतीवर पाण्याचा रेटा किती?

पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. दर मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन, असा ढोबळ हिशेब. जलाशय भिंतीमागे एक किलोमीटर पसरला आहे की वीस, याने भिंतीवरच्या दाबात फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त खोलीने.

उदाहरणादाखल भिंतीला टेकलेले पाणी ८० मीटर खोल आहे असे धरू. तळाशी दाब होतो प्रत्येक चौरस मीटरवर ८० टन. वरून खालपर्यंतचा सगळा दाब एकत्र केला, तर भिंतीच्या प्रत्येक एक मीटर लांबीवर ३,२०० टनांचा आडवा रेटा येतो. खोली निम्मी, म्हणजे ४० मीटर असती, तर हाच रेटा ८०० टन असता. म्हणजे खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. धरणाची उंची थोडी वाढवा, अशी मागणी ऐकायला सोपी वाटते. तिची किंमत अशी चढत जाते.

मग भिंत सरकत कशी नाही?

स्वतःच्या वजनामुळे. मध्य वैतरणा हे गुरुत्व प्रकारचे धरण आहे. आडव्या छेदात ते साधारण काटकोन त्रिकोणासारखे दिसते. पाण्याकडची बाजू जवळपास उभी, तर मागची उतरती. माथा अरुंद आणि पाया रुंद. जिथे रेटा सर्वांत जास्त तिथे वजनही सर्वांत जास्त, हे त्यामागचे साधे तत्त्व.

वरच्याच उदाहरणात ८० मीटर उंचीच्या त्रिकोणाचा पाया ६४ मीटर धरू. काँक्रीटचे वजन प्रति घनमीटर सुमारे २.४ टन. म्हणजे भिंतीच्या एक मीटर लांबीचे वजन ६,१४४ टन. ३,२०० टनांच्या रेट्यासमोर हे वजन भरपूर वाटते. पण इथे एक गोम आहे.

पाणी फक्त समोरून ढकलत नाही. ते पायाखालच्या खडकाच्या भेगांतून आत शिरते आणि भिंतीला खालून वर उचलू पाहते. हा दाब मोकळा सोडला, तर याच उदाहरणात वरची उचल २,५६० टनांपर्यंत जाते. म्हणजे भिंतीचे परिणामी वजन ४० टक्क्यांहून जास्त घटते. खडकाशी असलेले घर्षण वजनावर अवलंबून असल्याने सरकण्याचा धोका नेमका इथे वाढतो.

त्यावर दोन उपाय केले जातात. पहिला, पायाखालच्या खडकात खोल छिद्रे पाडून त्यांत दाबाने सिमेंट भरतात. याला ग्राउटिंग म्हणतात. दुसरा, भिंतीच्या पोटात बोगद्यासारखी वाट ठेवतात. ही ड्रेनेज गॅलरी. झिरपून आलेले पाणी तिथल्या छिद्रांतून बाहेर येते, नालीत जमा होते आणि खालचा दाब उतरतो. त्यामुळे गॅलरीत ओल किंवा पाण्याची धार दिसली म्हणजे धरण गळतेय, असे लगेच समजू नये. थोडे पाणी तिथे येणे अपेक्षितच असते. ते रोज मोजले जाते. चिंता वाटते ती आकडा अचानक वाढला किंवा पाणी गढूळ येऊ लागले तर. आकडा अचानक घटला तरीही तपासणी लागते, कारण निचऱ्याची छिद्रे बुजली असण्याची शक्यता असते.

मातीचे धरण का बांधले नाही?

महाराष्ट्रातील बहुतांश धरणे मातीची आहेत. माती जवळ मिळते, खर्च कमी येतो आणि पाया मऊ असला तरी चालतो. पण मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले की ती धुपून वाहून जाऊ शकते. म्हणून तिच्यासाठी सांडवा वेगळा काढावा लागतो. मातीचे धरण फुटल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ला पानशेतमध्ये आणि २ जुलै २०१९ला रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे इथे पाहिले आहे.

वैतरणेच्या अरुंद आणि खडकाळ दरीत चित्र वेगळे आहे. पाया बेसॉल्टचा, पूर झपाट्याने चढणारा आणि दोन्ही बाजूंना उभे डोंगर. अशा ठिकाणी काँक्रीटच्या भिंतीचा मधला भागच सांडवा म्हणून वापरता येतो. त्यावर वक्राकार दरवाजे बसवतात. पातळी वाढली की ते थोडे थोडे उचलून पाणी खाली सोडले जाते. उंचावरून कोसळणारे पाणी पायथ्याचा खडक उकरू नये म्हणून तिथे त्याचा जोर मोडण्याची रचना करावी लागते.

याचा अर्थ दगड किंवा काँक्रीट अजिंक्य आहे असा नव्हे. पानशेत फुटले त्याच दिवशी त्याच्या पुराने खडकवासल्याची दगडी भिंतही तोडली होती. आणि ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात कोयना धरणाच्या काँक्रीटला तडे गेले. भिंतीच्या मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो, त्या पातळीवर हे तडे प्रामुख्याने आढळले. कोयनेची भिंत टिकली आणि पुढे ती मजबूत करण्यात आली. पण काँक्रीट धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा विचार किती बारकाईने करायला हवा, हा धडा जगभरातील अभियंत्यांनी त्यातून घेतला.

रोलरने दाबलेले काँक्रीट म्हणजे काय?

सिमेंट घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. घराच्या स्लॅबमध्ये ती सहज निघून जाते. पण कित्येक मीटर जाडीच्या भिंतीच्या पोटात ती अडकते. बाहेरचा थर थंड होऊन आकसतो, आतला गरमच राहतो आणि भिंतीला तडे जाऊ शकतात. म्हणून पारंपरिक पद्धतीत धरण लहान लहान ठोकळ्यांत, मध्ये वेळ सोडत भरले जाते.

मध्य वैतरणासाठी रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचे तंत्र वापरले गेले. हे काँक्रीट ओतता येत नाही इतके कोरडे असते. ते डंपर किंवा पट्ट्यावरून आणून बुलडोझरने साधारण ३० सेंटिमीटरच्या थरात पसरवतात आणि रस्ता बनवताना वापरतात तशा कंप देणाऱ्या रोलरने दाबतात. त्यावर पुढचा थर. यात सिमेंटचा बराचसा वाटा कमी करून त्याजागी औष्णिक वीज केंद्रातील राख, म्हणजे फ्लाय ॲश मिसळतात. उष्णता कमी निर्माण होते, काम वेगाने होते आणि टाकाऊ राख मार्गी लागते. भारतात या तंत्राची पहिली धरणे आपल्याच सह्याद्रीत, घाटघर जलविद्युत प्रकल्पात बांधली गेली.

या पद्धतीत सर्वांत नाजूक जागा म्हणजे दोन थरांमधला सांधा. खालचा थर जास्त सुकला, त्यावर धूळ बसली किंवा पाऊस पडला, तर जोड कच्चा राहतो आणि पाणी तिथूनच वाट काढते. त्यामुळे कामाच्या वेगाइतकीच थराथरांवरची साफसफाई महत्त्वाची असते.

पाणी मुंबईच्या नळापर्यंत कसे पोहोचते?

मध्य वैतरणाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून २८५ मीटर आहे. इथून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच मोडक सागरात येते. मोडक सागरची पूर्ण पातळी १६३.१५ मीटर. तिथून बोगदे आणि मोठ्या जलवाहिन्यांतून ते भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते. शेवटच्या टप्प्यात गुंदवली ते भांडुप हा सुमारे १५ किलोमीटरचा भूमिगत बोगदा आहे.

या प्रवासात पाणी मुख्यतः उताराने वाहते. भातसा धरणाच्या बाबतीत तसे नाही. ते पाणी नदीत सोडून पिसे इथे उचलावे लागते आणि पंपाने पांजरापूरला चढवावे लागते. वैतरणेचे पाणी म्हणूनच शहराला तुलनेने स्वस्त पडते. धरणाची जागा निवडताना उंची हा निकष किती मोलाचा असतो, ते यावरून कळते.

‘तलाव १०० टक्के भरले’ याचा अर्थ काय?

सात तलावांची मिळून उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातला जवळपास निम्मा, म्हणजे ७,१७,०३७ दशलक्ष लिटरचा वाटा एकट्या भातसाचा. मध्य वैतरणाचा वाटा सुमारे १३ टक्के.

शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. त्या हिशेबाने काठोकाठ भरलेले सातही तलाव सुमारे ३७१ दिवसांचे पाणी देतात. म्हणून महापालिका १ ऑक्टोबरच्या साठ्याकडे डोळे लावून असते. त्या दिवशी थोडी तूट असली, तरी तिचा परिणाम मे-जूनमध्ये दिसतो. २०२४मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात करावी लागली. भातसा आणि अप्पर वैतरणामधील राखीव साठाही राज्य सरकारकडून मागावा लागला.

‘उपयुक्त’ हा शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे. धरणातून पाणी बाहेर काढणारी दारे तळापासून काही उंचीवर असतात. त्यांच्या खालचे पाणी आपोआप बाहेर येत नाही. तिथे गाळही साठतो. टक्केवारी मोजताना हा तळाचा साठा धरलेला नसतो. त्यामुळे बातमीत ‘५ टक्के साठा’ असे वाचले, तरी जलाशय पूर्ण कोरडा पडायला आलेला नसतो. पण सहज मिळणारे पाणी मात्र तेवढेच असते.

धरण मोखाड्यात, मग मोखाड्यात टँकर का?

मोखाडा, जव्हार, शहापूर हे भरपूर पावसाचे तालुके. तरीही उन्हाळा आला की इथल्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. यामागे भूगोल आहे. कातळावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. जलाशय दरीत खोल आणि अनेक वस्त्या डोंगरमाथ्यावर. मुंबईकडे पाणी उताराने जाते. शेजारच्या पाड्यावर मात्र ते पंपाने चढवावे लागते, आणि पंपाचे वीजबिल ग्रामपंचायतीला झेपत नाही.

पण भूगोल हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे आकड्यांत सापडते. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. २०११च्या जनगणनेनुसार मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार. म्हणजे संपूर्ण तालुक्याची रोजची गरज होते साधारण ४.६ दशलक्ष लिटर. मध्य वैतरणातून मुंबईला मिळणाऱ्या ४५५ दशलक्ष लिटरच्या तुलनेत हे प्रमाण अवघे एक टक्का आहे. लोकसंख्या तेव्हापासून वाढली, हे धरले तरी दोन टक्क्यांच्या वर ते जाणार नाही. भातसा, तानसा आणि मोडक सागर ज्या तालुक्याच्या परिसरात आहेत, त्या शहापूरची लोकसंख्या याच जनगणनेत सुमारे ३ लाख १४ हजार होती. त्याची गरज सुमारे १७ दशलक्ष लिटर, म्हणजे मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

तेव्हा अडचण पाण्याच्या प्रमाणाची नाही. शहरासाठी धरण बांधताना शहराकडे जाणारी वाट आराखड्यातच आखली जाते आणि तिच्यासाठी पैसाही त्याच प्रकल्पातून येतो. शेजारच्या गावांची वाट मात्र नंतरच्या वेगळ्या योजनेवर, वेगळ्या खात्यावर आणि वेगळ्या निधीवर सोडली जाते. शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखली गेली. तिचे काम वेळापत्रकाच्या मागे पडले. शहराच्या बोगद्यांची कामे पूर्ण झाली आणि पाड्यांच्या वाहिन्या अडून राहिल्या, हा फरक तंत्रज्ञानाने पडलेला नाही.

गारगाईच्या वेळी वेगळे काय करता येईल?

गारगाई ही वैतरणेची उपनदी. वाडा तालुक्यात ओगदे इथे सुमारे ६९ मीटर उंचीचे धरण बांधून मुंबईसाठी रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळवण्याचा प्रस्ताव आहे. पाणी सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून मोडक सागरात आणले जाईल. त्यासाठी तानसा अभयारण्याचे जंगल पाण्याखाली जाणार आहे, सहा गावांचे पुनर्वसन करावे लागणार आहे आणि तोडाव्या लागणाऱ्या झाडांची संख्या लाखांच्या घरात आहे. २०२०मध्ये हा प्रकल्प बाजूला ठेवून मनोरी इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पर्याय पुढे आला होता. नंतर गारगाईला पुन्हा गती मिळाली.

मुंबईची मागणी वाढते आहे, हे नाकारता येणार नाही. पण धरणाची बाजू मांडताना शहराने आधी आपल्या घरातला हिशेब दाखवायला हवा. गळती, चोरी आणि मोजमापाबाहेर जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वेगवेगळ्या वेळी २५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितले गेले आहे. यातला खालचा आकडा धरला, तरी रोज जवळपास ९७५ दशलक्ष लिटर होतात, म्हणजे गारगाईसारख्या दोन धरणांहून जास्त. जुन्या शहरातली सगळी गळती बंद करणे कुठेच शक्य झालेले नाही. शिवाय यातले काही पाणी अधिकृत जोडणी न मिळालेल्या वस्त्यांतले लोकच पितात. तरीही यातले निम्मे जरी मोजमापाखाली आले, तर नव्या धरणाची घाई किती, हे ठरवणे सोपे होईल.

दुसरी गोष्ट आराखड्याची. स्थानिक गावांसाठीचा विमोचक, पंपगृह आणि त्याच्या विजेचा खर्च हे प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरले, तर त्याचा बोजा एकूण खर्चात फार जाणवणार नाही. भिंत उभी राहिल्यावर तीच सोय करणे कित्येक पटींनी अवघड होते. शहराला पहिले पाणी मिळण्याआधी शेजारच्या पाड्यांना पाणी, अशी अट मंजुरीतच घालता येते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे आणि आपत्कालीन कृती आराखडाही तयार ठेवावा लागतो. एकाच नदीवर ओळीने धरणे असली, की वरच्या धरणाचे दरवाजे उघडताना खालच्याची पातळी पाहावी लागते आणि नदीकाठच्या गावांना वेळेत कळवावे लागते. धरण भरल्याचा संदेश मुंबईकराला काही मिनिटांत मिळतो. दरवाजे उघडण्याचा इशारा नदीकाठच्या पाड्यावर तितक्याच वेगाने पोहोचतो का, हेही तपासले पाहिजे.

गारगाईच्या मंजुरीची फाइल पुढे सरकेल, तेव्हा चर्चा भिंतीची उंची, खर्च आणि पूर्ण होण्याचे वर्ष यांवर होईल. त्याच फाइलमध्ये आणखी दोन आकडे मागायला हवेत. शहर गळती किती आणि कोणत्या वर्षापर्यंत कमी करणार? आणि ४४० दशलक्ष लिटरपैकी किती पाणी वाडा, मोखाडा आणि शहापूरच्या पाड्यांसाठी आधीच राखून ठेवले आहे?